ट्रॅव्हलरमध्ये टीव्ही बसवताय? मग आधी लोखंड आणि करंट बघा

टीव्ही घ्यायला दुकानात जायच्या आधी एकदा गाडीत जाऊन बसा, आणि ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर नको, एकदम शेवटच्या सीटवर बसा. तिथून ड्रायव्हरच्या मागच्या पार्टिशनकडे बघा, मधे पुढच्या सीटांची डोकी किती आडवी येतात ते बघा, आणि कुणाला तरी पुढं पुठ्ठा धरून उभं करा. 24 इंचीचा पुठ्ठा म्हणजे 53 सेंटीमीटर रुंद आणि 30 उंच, 32 इंचीचा 71 बाय 40, वर कडेची फ्रेम धरून सगळीकडून एक-दोन सेंटीमीटर जास्तच कापा. पुठ्ठा वर-खाली, डावी-उजवीकडे सरकवत सगळ्या सीटवर बसून बघा. पाच मिनिटांचं काम आहे पण कुणी करत नाही, आणि मग टीव्ही बसल्यावर मागची पार्टी म्हणते काही दिसतच नाही ओ, आणि पुढच्या सीटवरचा माणूस उतरताना डोकं आपटतो.

मी इथं जे सांगतोय ते फोर्स ट्रॅव्हलर, विंगर असल्या 12 ते 20 सीटच्या गाड्यांचं सांगतोय, अष्टविनायक, शिर्डी, कोकण, गोवा, लग्नाचं वऱ्हाड असल्या भाड्याला ज्या चालतात त्या. मोठ्या बसचा हिशोब वेगळा, तिथं करंट बहुतेक 24 व्होल्टचा असतो आणि बॉडीसुद्धा वेगळी. अर्बेनियासारख्या नव्या गाड्यांत कंपनीचंच फिनिशिंग इतकं बंद असतं की तिथं कुठंही ड्रिल लावायच्या आधी कंपनीच्या वर्कशॉपला विचारलेलं बरं.

साइजचं माझं मत सरळ आहे. 12-13 सीटला 24 इंची बास, 17 आणि वर असेल तर 32. 24 इंचीवर पिक्चर मागून दिसतो, पण मॅच लावली की शेवटच्या रांगेतल्याला स्कोअर वाचता येत नाही, आणि मॅचच्या दिवशी तेवढंच महत्त्वाचं असतं. 32 च्या वर जाऊ नका, ग्राहक म्हणाला तरी जाऊ नका, कारण गाडीची रुंदी तेवढीच आहे आणि दरवाजातून आत येणारा माणूस वाकून येतो, त्याचं डोकं नेमकं टीव्हीच्या कोपऱ्याच्या उंचीला असतं. वजन खोक्यावर लिहिलेलं असतं ते बघून घ्या, हल्लीचे पातळ एलईडी 24 इंचीचे तीन किलोच्या आसपास आणि 32 चे चार-पाच किलो असतात. जितका हलका तितका चांगला. घरी पडून असलेला जुना जाड एलसीडी गाडीत लावायचा विचार असेल तर सोडून द्या, त्याचं वजन दुप्पट आणि करंटही जास्त खातो.

आता जागा. बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या मागं पार्टिशन असतं, अर्धं प्लाय आणि वर काच, आणि लोक तिथंच टीव्ही लावतात, ते बरोबरच आहे. पण त्यातही दोन गोष्टी बघायच्या. एक म्हणजे ड्रायव्हरचा आतला आरसा. टीव्हीमुळं मागची काच झाकली गेली तर ड्रायव्हर रिव्हर्सला आंधळा होतो, कॅमेरा असला तरी आरसा लागतोच. म्हणून टीव्ही छताला जितका लागून जाईल तितका वर घ्या, किंवा आरशाची लाइन सोडून बाजूला घ्या. दुसरं म्हणजे पहिल्या रांगेतल्या माणसाचं डोकं. त्याला सीटवर बसवा आणि करकचून ब्रेक लागल्यासारखं पुढं झुकायला सांगा, डोकं जिथं येतं तिथं टीव्हीची खालची कड नको. जमत नसेल तर टीव्ही लहान घ्या, डोकं लहान होणार नाही.

एसीचं तोंड कुठं आहे तेही बघा. गार हवेचा झोत थेट टीव्हीवर येत असेल तर पावसाळ्यात कोकणात दरवाजा उघडला की बाहेरची दमट हवा आत येते आणि गार झालेल्या टीव्हीवर पाणी धरतं, आतल्या सर्किटवरसुद्धा. आणि एसीचा ड्रेन तुंबला की छतातून पाणी टपकतं ते कुठं टपकतं हे जुन्या ड्रायव्हरला विचारा, त्याला बरोब्बर माहीत असतं.

काही जण छतातून खाली उघडणारा टीव्ही लावतात, तो दिसायला मस्त असतो पण उघडा राहिला तर मधल्या वाटेतून जाणाऱ्याच्या कपाळावर येतो, आणि त्याचं बिजागर खड्ड्यांनी लवकर सैल होतं. भाड्याच्या गाडीला मी तो सांगत नाही. स्वतःच्या घरच्या गाडीला लावा खुशाल.

आता मुख्य काम, म्हणजे टीव्ही कशाला टांगायचा. इथं बहुतेक फिटिंगवाले घाई करतात. पार्टिशनच्या प्लायला चार लाकडाचे स्क्रू मारून भिंतीचं ब्रॅकेट ठोकलं की झालं, असं त्यांना वाटतं. घरातली भिंत हलत नाही ओ. गाडी खड्ड्यात आपटली की टीव्हीचं वजन त्या क्षणाला दुप्पट-तिप्पट होऊन स्क्रूवर येतं, परत वर उडतं, परत येतं, आणि हे पुणे-कोल्हापूर एका फेरीत हजार वेळा होतं. प्लायमधला स्क्रू थोडा थोडा सैल होत जातो, भोक मोठं होतं, आणि एक दिवस टीव्ही कुणाच्या तरी मांडीत. हे झालं खड्ड्याचं, धडक झाली तर हिशोब अजून वेगळा, तिथं वीस पट धरून चाला, म्हणजे टीव्ही आणि ब्रॅकेट मिळून साडेसहा किलो असेल तर 130 किलोचा हिसका. एवढं ओढून जे निघणार नाही तेच फिटिंग.

म्हणून प्लायला नाही, काचेला तर नाहीच नाही, काचेच्या ॲल्युमिनियमच्या फ्रेमलापण नाही, गाडीच्या लोखंडालाच धरायचं. छताच्या आत आडव्या पट्ट्या असतात, कडेला उभे खांब असतात, तेच खरं हाड. ते रेक्झिन आणि पॅनेलच्या मागं लपलेले असतात, शोधायला एक चुंबक घ्या, पातळ कापडात गुंडाळा म्हणजे ओरखडे येत नाहीत, आणि पॅनेलवरून हळूहळू सरकवा. जिथं ओढ लागते तिथं लोखंड, जिथं नुसतं घसरतं तिथं प्लाय किंवा फायबर. खडूनं खुणा करत जा, अर्ध्या तासात सांगाडा कळतो.

मग चांगल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून एक फ्रेम करून घ्या. एमएसचा, म्हणजे साध्या लोखंडाचा, 25 बाय 25 एमएमचा स्क्वेअर पाइप, दोन एमएम जाडीचा, तो आडवा एका बाजूच्या लोखंडापासून दुसऱ्या बाजूच्या लोखंडापर्यंत जाईल असा, दोन्ही टोकांना जाड पट्टी वेल्ड करून त्यात बोल्टची भोकं. मधे टीव्हीच्या ब्रॅकेटसाठी उभ्या दोन पट्ट्या. वेल्डिंग सगळं बाहेर, गाडीच्या बाहेर टेबलवर करायचं, नंतर गंज धरू नये म्हणून रेड ऑक्साइडचा हात मारायचा, वर काळा रंग, आणि मग गाडीत नेऊन बोल्टनं बसवायचं. गाडीच्या आत वेल्डिंग कुणालाही करू देऊ नका. आजूबाजूला फोम, रेक्झिन, वायरिंग, एक ठिणगी पुरते, आणि बीएस6 गाडीत वेल्डिंगच्या करंटनं ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, उडाला तर टीव्हीच्या किमतीच्या कितीतरी पट बिल येतं. अगदीच करावं लागलं तर बॅटरीची टर्मिनल सोडून, कंपनी सांगते ते कनेक्टर काढून, हातात फायर एक्स्टिंग्विशर घेऊन, पण शक्यतो नकोच.

बोल्ट एम8 चे घ्या, आणि नट नायलॉकचे, म्हणजे आत निळी-पांढरी नायलॉनची रिंग असते ते. ते खड्ड्यांनी सैल होत नाहीत. जिथं मागून नट धरायला हात जात नाही तिथं रिव्हेट नट मारून घ्या, म्हणजे एकाच बाजूनं भोकात घट्ट बसणारा नट, ते मारायचं हत्यार बऱ्याच बॉडीवाल्यांकडं असतं. पत्र्यात नुसता सेल्फ टॅपिंग स्क्रू चालत नाही, पत्रा पातळ असतो आणि दोन-तीन आटेच पकडतात. पत्र्याच्या मागून मोठा वॉशर किंवा पट्टी दिली तर ताण पसरतो.

ड्रिल मारताना सावकाश. छताकडं ड्रिल मारायची वेळ आली तर बिटला चिकटपट्टी गुंडाळून खूण करा, एवढंच आत जायचं, त्याच्या पुढं बाहेरचा पत्रा आहे आणि तो भोसकला की पावसाळ्यात अख्खा जून-जुलै पाणी गळत बसेल. पॅनेलच्या मागून एसीची डक्ट आणि लाइटची वायर जाते, म्हणून भोक पाडायच्या आधी जवळचा लाइट किंवा एसीची जाळी काढून आत टॉर्च मारून बघून घ्या. आणि सीट बेल्टचा बोल्ट जिथं आहे तिथल्या खांबाला अजिबात भोक पाडू नका, त्याच्या बोल्टवर तुमचा ब्रॅकेटही अडकवू नका.

टीव्हीच्या पाठीवर चार भोकं असतात, त्यांच्यातलं अंतर म्हणजे व्हेसा, 24 ला बहुतेक 75 बाय 75 नाहीतर 100 बाय 100, 32 ला 100 किंवा 200. ब्रॅकेट त्याच मापाचा घ्या आणि तो हलणारा नको, पुढं-मागं ओढता येणारा हाताचा ब्रॅकेट तर मुळीच नको, फिक्स किंवा थोडा खाली कललेला. टीव्ही वर बसतो म्हणून पाच-दहा अंश खाली कलवावा लागतो नाहीतर खालून बघणाऱ्याला रंग उडालेले आणि काळपट दिसतात. कल एकदा सेट झाला की तो बोल्टनं लॉक करा, प्लास्टिकच्या खटक्यावर विसंबू नका. स्क्रूची लांबी बघा, टीव्हीच्या पाठीत भोक साधारण सेंटीमीटरभरच खोल असतं, जास्त लांब स्क्रू पिळत राहिलात तर तो आतल्या बोर्डला जाऊन टेकतो. हातानं सहज जाईल तितका जाऊ द्या, कडक लागला की थांबा आणि वॉशर वाढवा. स्क्रूच्या आट्यांना लॉकटाइटचा, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा, निळा एक थेंब लावा, निळाच, लाल लावलात तर परत उघडायचं अवघड होतं.

दोन गोष्टी अजून, ज्या कुणी मागत नाही पण मी कायम करायला लावतो. टीव्हीच्या खालच्या कडेला एक एल आकाराची पट्टी, आतून रबर चिकटवलेली, म्हणजे टीव्हीचं वजन नुसतं चार स्क्रूंवर न राहता खालूनही आधार मिळतो. आणि एक स्टीलची वायर रोप, तीन एमएमची, ब्रॅकेटमधून काढून सरळ गाडीच्या लोखंडाला वेगळ्या बोल्टनं बांधायची, थोडी ढिली. चारही स्क्रू निघाले तरी टीव्ही लोंबकळेल पण खाली पडणार नाही. कोपऱ्यांना दाराची रबर बीडिंग मिळते ती लावा, दिसायला बावळट दिसते पण लहान मुलं गाडीत उभी असतात.

फ्रेम बसली की टीव्ही लावायच्या आधी ती दोन हातांनी पकडा आणि लोंबकळा, थोडं झोकाच घ्या. पूर्ण वजन टाकून कुरकुर केली, हलली तर परत उघडा. टीव्ही लावून नंतर कळण्यापेक्षा हे स्वस्त.

आता करंटकडं येऊ. इथं दोन रस्ते आहेत आणि कुठला घ्यायचा हे टीव्हीच्या पाठीवरच्या स्टिकरवर ठरतं. काही 24 इंची टीव्हीला बाहेर ॲडॉप्टर असतो, त्यावर आउटपुट 12 व्होल्ट किंवा 19 व्होल्ट लिहिलेलं असतं. असा टीव्ही मिळाला तर सोनं, कारण मग बॅटरीचे 12 व्होल्ट 220 करणाऱ्या इन्व्हर्टरची भानगड नाही. ज्याला सरळ 220 व्होल्टची पिन आहे, बहुतेक 32 इंची तसेच असतात, त्याला इन्व्हर्टर लागणार.

12 व्होल्टवाल्याचं एक मात्र लक्षात ठेवा, गाडीचा करंट 12 व्होल्टचा नुसता नावाला असतो. इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर 14 च्या वर देतो, आणि स्टार्टर मारताना तोच व्होल्टेज 9-10 वर येतो. टीव्हीची वायर थेट बॅटरीला जोडली तर काही दिवस चालतो आणि मग कधीतरी बोर्ड जातो, आणि दुकानदार म्हणतो व्होल्टेजमुळं गेला, वॉरंटीत बसत नाही. मधे एक डीसी-डीसी कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेज एकसारखा ठेवणारी डबी, बसवा, ज्याचा इनपुट 9 ते 36 असा लिहिलेला असतो आणि आउटपुट पक्का 12. 19 व्होल्टचा टीव्ही असेल तर आउटपुट 19 चा. पुण्यात असाल तर तापकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला असलं सगळं मिळतं, स्टिकरवरचा अँपिअर बघून दीडपट क्षमतेचा घ्या. पिनच्या आत प्लस आहे की बाहेर हे ॲडॉप्टरवर चित्रात दाखवलेलं असतं, उलटं जोडलं की खेळ खल्लास.

काही कारागीर 220 वाला टीव्ही उघडून आतल्या बोर्डवर 12 व्होल्टची तार काढून देतो म्हणतात. मदरबोर्ड त्यावर चालेलही, पण मागच्या बॅकलाइटच्या एलईडीला त्याहून बराच जास्त व्होल्टेज लागतो, तो पॉवर बोर्ड बनवत असतो. असला जुगाड करू नका.

इन्व्हर्टर घ्यायचा तर प्युअर साइन वेव्हचा घ्या. स्वस्तातले मॉडिफाइड वेव्हचे घेतले की टीव्ही चालतो पण स्पीकरमधून घूं आवाज येतो आणि पॉवर सप्लाय गरम होतो. 32 इंची एलईडीला 40-60 वॅट लागतात, मग 150-200 वॅटचा पुष्कळ झाला. सीटखाली बॅगांमधे कोंबू नका, त्याला पंखा असतो, त्याला श्वास पाहिजे. लोक तिथं ओल्या चपला, पाण्याच्या बाटल्या, कांदेभज्यांच्या पिशव्या सगळं ठेवतात. पार्टिशनच्या मागं ड्रायव्हरच्या बाजूला, पाणी पोचणार नाही अशा उंचीवर स्क्रूनं घट्ट. 1000 वॅटचा घेऊन त्यावर प्रवाशांचे चार्जर, इंडक्शन काय वाट्टेल ते लावू देणार असाल तर ते वेगळं काम, वेगळी जाड वायर, त्यात टीव्हीला ओढू नका.

वायर किती जाड, हा प्रश्न लोक हसण्यावारी नेतात. बॅटरीपासून टीव्हीपर्यंत सात मीटर धरा, जायची-यायची मिळून चौदा मीटर. पाच अँपिअर ओढला तर एक स्क्वेअर एमएमच्या वायरीत सव्वा व्होल्टच्या आसपास पडतो, अडीच स्क्वेअर एमएममधे अर्धाच व्होल्ट. म्हणून 12 व्होल्टच्या टीव्हीला अडीचची घ्या, शंभर-दोनशे रुपयांसाठी बारीक वायर नको. 200 वॅटच्या इन्व्हर्टरला पूर्ण लोडवर वीस अँपिअरपर्यंत लागू शकतो, तिथं सहा स्क्वेअर एमएम. निगेटिव्हसाठी जवळच्या पत्र्याला अर्थ द्यायची पद्धत आहे, पण जुन्या गाडीचा पत्रा गंजलेला असतो आणि अर्थ ढिला झाला की टीव्ही मधेच बंद मधेच चालू करत बसतो, म्हणून निगेटिव्हची वायरसुद्धा मागं बॅटरीपर्यंत न्या. शोधाशोध वाचते.

फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरावर, टीव्हीजवळ नाही. कारण फ्यूज टीव्हीला नाही वायरीला वाचवायला असतो. वायर मधे कुठंतरी पत्र्यावर घासून सोलली आणि बॉडीला चिकटली तर बॅटरी तिच्यात शेकडो अँपिअर ढकलते आणि वायर लाल होते, गाड्यांना आगी बऱ्याचदा अशाच लागतात. टीव्हीच्या लाइनला पाच अँपिअरचा फ्यूज, इन्व्हर्टरच्या लाइनला 25 चा. फ्यूज सारखा उडतोय म्हणून कुणी मोठा घातला किंवा चांदीचा कागद गुंडाळला तर त्याच्या हातात गाडी देऊ नका.

पत्र्यातून जिथं जिथं वायर जाते तिथं भोकाच्या कडेला रबर ग्रोमेट, म्हणजे रबराची रिंग, सगळीकडं काळा करकरीत फ्लेक्सिबल पाइप, दर वीतभर अंतरावर टाय. सीटच्या रेलपासून लांब, सायलेन्सरच्या जवळ अजिबात नको. जोड देताना नुसता पीळ मारून टेप नको, थिंबल, म्हणजे धातूची टोपी, पकडीनं दाबून क्रिंप करा आणि वर हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी. टेप उन्हाळ्यात वितळून चिकट होते आणि सुटते.

टीव्ही थेट बॅटरीवर ठेवू नका, चावीवर ठेवा. एक साधा चार पायांचा रिले, म्हणजे चावीच्या करंटनं चालू-बंद होणारा स्विच, लागतो, हॉर्नला लावतात तोच. 30 नंबरला बॅटरीचा प्लस फ्यूजमधून आलेला, 87 वरून टीव्हीला, 86 ला चावीच्या ॲक्सेसरी लाइनची वायर, 85 ला अर्थ. चावी काढली की टीव्ही बंद. याची गरज काय, तर पंढरपूरला लोक दर्शनाच्या रांगेत तीन-चार तास गेले, ड्रायव्हर गाडीत पिक्चर बघत झोपला, वर अँप्लिफायर चालू, आणि माणसं परत आली तेव्हा गाडीला धक्का. इन्व्हर्टरचा स्वतःचा लो बॅटरी कट असतो खरा, पण तो साधारण साडेदहा व्होल्टला तोडतो आणि तोपर्यंत बॅटरीत डिझेल इंजिन फिरवायची ताकद राहिलेली नसते.

आवाजाचं. टीव्हीचे स्वतःचे स्पीकर चालत्या गाडीत ऐकू येत नाहीत, मागचे ओरडतात आवाज वाढवा आणि पुढच्यांचे कान फुटतात. टीव्हीच्या हेडफोन किंवा ऑडिओ आउटमधून गाडीच्या म्युझिक सिस्टमच्या ऑक्सला, म्हणजे बाहेरचा आवाज घ्यायच्या भोकाला, वायर द्या, छतातले स्पीकर चालतील. आणि मग हमखास एक तक्रार येते, रेस दिली की स्पीकरमधून शिट्टी वाजते, रेस वाढली की शिट्टी चढते. तो अल्टरनेटरचा आवाज आहे, टीव्ही आणि म्युझिक सिस्टम दोन वेगळ्या ठिकाणी अर्थ झालेत म्हणून. दोघांचा अर्थ एका जागी आणा, तरी राहिलं तर ऑक्सच्या वायरीत ग्राउंड लूप आयसोलेटर म्हणून छोटी डबी मिळते ती टाका. ऑडिओची वायर पॉवरच्या वायरीला चिकटवून नेऊ नका.

दाखवायचं काय? पेनड्राइव्ह सगळ्यात भरवशाचा. स्ट्रीमिंग हायवेला चालतं, आंबोलीत किंवा वरंध्याला रेंज गेली की गोल फिरत बसतं. छतावर डीटीएचची छत्री लावायची हौस कुणाला असेल तर चालत्या गाडीत ती चालत नाही, तिचं तोंड सॅटेलाइटकडं नेमकं असावं लागतं आणि गाडी प्रत्येक वळणाला तोंड फिरवते. पेनड्राइव्ह एफएटी32 या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला असेल तर 4 जीबीच्या वरची फाइल त्यात जातच नाही, आणि जुने टीव्ही एच265 या नव्या प्रकारच्या व्हिडिओ फाइली उघडत नाहीत, आवाज येतो आणि चित्र काळं. निघायच्या आदल्या दिवशी लावून बघा, गाडी सुटल्यावर नाही. यूएसबीचं भोक टीव्हीच्या पाठीमागं असतं तिथं हात जात नाही, एक्स्टेन्शन काढून पार्टिशनच्या प्रवाशांच्या बाजूला आणून ठेवा. ड्रायव्हरच्या हाताशी नको, नाहीतर चालत्या गाडीत गाणी बदलायचं काम त्याच्याकडंच येतं. रिमोट क्लिनरकडं किंवा टूरच्या माणसाकडं.

ड्रायव्हरला स्क्रीन दिसता कामा नये, प्रत्यक्ष तर नाहीच आणि आरशातूनही नाही. रात्री टीव्हीचा उजेड मागच्या काचेवर पडतो आणि तो आतल्या आरशात चमकतो, मागून गाडी आली की टीव्ही चमकला हे कळत नाही. मागच्या काचेला पडदा असेल तर ओढा, आणि टीव्हीच्या सेटिंगमधे बॅकलाइट कमी करून ठेवा. अंधारात निम्म्यावर आणला तरी मागच्यांना स्वच्छ दिसतं, उलट डोळे दुखत नाहीत.

घाट लागला की टीव्ही बंद करायचा, हा नियम मी कुणाच्याही म्हणण्यावर बदलत नाही. डोळे स्क्रीनवर स्थिर आणि पोट वळणावर हलतंय, मेंदूला दोन्हीकडून वेगळी बातमी मिळते आणि मग पिशव्या मागायला सुरुवात होते. आंबा घाट, फोंडा, आंबेनळी, कुठंही. त्या वेळी भजनं किंवा गाणी नुसती आवाजावर चालू द्या.

मे महिन्यात उन्हात बंद उभी केलेली गाडी आत भट्टी होते, कंपन्या टीव्हीच्या पुस्तकात बहुतेक चालवायला 40 अंशापर्यंतच सांगतात. चढल्या चढल्या टीव्ही लावू नका, एसी दहा-पंधरा मिनिटं चालू दे. टीव्ही पेटीत बंद करायची फॅशन आहे, पेटी चालेल पण मागं दोन-तीन इंच मोकळं आणि वरून-खालून भोकं ठेवा. आणि वॉरंटी कार्ड नीट वाचा, बहुतेकांवर घरगुती वापर लिहिलेलं असतं, गाडीत लावलाय हे कळलं की हात वर करतात. म्हणून फार महागाचा टीव्ही गाडीत घालायचा मी सल्ला देत नाही.

कागदपत्रांचंही बघा. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52, आरसीवर जे लिहिलंय त्यात बदल होईल असं काही गाडीत करता येत नाही. टीव्ही लावल्यानं सीट कमी-जास्त होत नाही तोवर आरसीला धक्का नाही, पण टीव्हीसाठी सीट काढली, पार्टिशन बदललं, इमर्जन्सी खिडकीसमोर फ्रेम आली तर फिटनेसला गाडी अडते. भाड्याच्या गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस असतो, तेव्हा इन्स्पेक्टरला फ्रेम हलवून बघू द्या, वायरी उघड्या दिसू देऊ नका, फ्यूज कुठं आहे ते ड्रायव्हरला माहीत असू दे. पिक्चरचंही असंच, पैसे घेऊन चालवलेल्या गाडीत सिनेमा दाखवायला कॉपीराइटवाल्याची परवानगी लागते, घरी बघायला घेतलेल्या ओटीटी अकाउंटवर ती मिळत नाही.

पहिली लांब ट्रिप करून आलात की टीव्ही काढायची गरज नाही पण पाना घेऊन फ्रेमचे सगळे बोल्ट एकदा फिरवून बघा, पहिल्या फेरीत रंग आणि पत्रा दबतो आणि बोल्ट पाव-अर्धा फेरा घेतात. नंतर प्रत्येक सर्व्हिसिंगला. वायर रोप ताणली गेलेली दिसली तर समजा वरचा बोल्ट हललाय. एचडीएमआयची किंवा पॉवरची पिन मागं लोंबकळत असेल तर तिला ब्रॅकेटला टाय मारा, खड्ड्यांनी पिन नाही निघत, आतला सॉकेट सोल्डरमधून सुटतो. आणि क्लिनर पोराला एक गोष्ट सांगून ठेवा, गाडी धुताना तो आत ओला फडका टीव्हीवर पण मारतो, पाणी स्क्रीनवरून ओघळून खालच्या फ्रेममधे जातं आणि तिथंच पॅनेलच्या पट्ट्या असतात, मग उभ्या रेषा येतात आणि त्याला दुरुस्ती नाही. टीव्हीला कोरडं मऊ कापड, तेही टीव्ही बंद असताना.